हॉट सीटचे हिशेब : वाचक विचारतात

'कौन बनेगा करोडपती', त्याचे मराठी भावंड 'कोण होणार करोडपती' आणि एकूणच टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांबद्दल प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात म्हटले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच मुद्द्यावर आहेत : खुर्चीतल्या माणसाने थांबायचे कधी? म्हणून आधी तेच.

प्रश्न : एक कोटी जिंकलेला माणूस सात कोटींचा प्रश्न सोडून उठतो, तेव्हा आमच्या घरी वाद होतो. मुलगा म्हणतो, ठोकून द्यायचं एखादं उत्तर, चारात एक संधी असतेच. यांचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? खरं कोणाचं?
— वाचक, अकोला

आकडेमोडीत मुलगा बरोबर आहे, आणि तरीही उठणारा माणूस चुकत नाही. २०१९ च्या अकराव्या पर्वाची शिडी समोर ठेवा. पाचव्या प्रश्नाला १०,००० चा पहिला पडाव, दहाव्याला ३,२०,००० चा दुसरा. त्यापुढे ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि शेवटी ७ कोटी. उत्तर चुकले की थेट मागच्या पडावावर आपटायचे.

हिशेबाची रीत सोपी आहे. हातातल्या रकमेतून पडावाची रक्कम वजा करा. हे तुम्ही गमावू शकता. पुढच्या रकमेतूनही पडावाची रक्कम वजा करा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. जे येईल त्याहून तुमची खात्री जास्त असेल, तर सरासरीच्या दृष्टीने खेळणे फायद्याचे. २५ लाखांच्या प्रश्नावर हातात १२.५ लाख आहेत : ९.३ भागिले २१.८, म्हणजे सुमारे ४३ टक्के. ५० लाखांसाठी ४७ टक्के, एक कोटीसाठी ४८. थोडक्यात, दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोनांत नाणे उडवायचे असेल, तरी गणित जेमतेम तुमच्या बाजूने असते.

सात कोटींना मात्र चित्र पालटते. ९६.८ भागिले ६९६.८, म्हणजे १४ टक्केही नाही. डोळे मिटून दिलेले उत्तरही २५ टक्के वेळा बरोबर येते. चिरंजीवांचा मुद्दा तो हाच. पण सरासरी कामी येते ती पुन्हा पुन्हा खेळणाऱ्याच्या. इथे डाव एकदाच, आणि चारांपैकी तिघे ३.२ लाख घेऊन घरी जाणार. ज्याचे घर अजून भाड्याचे आहे, त्याच्यासाठी पहिल्या कोटीचे मोल पुढच्या सहा कोटींहून मोठे असते. त्याने उठावे, आम्हीही तेच सांगू.

पण आधी नियम वाचावेत. २०२२ च्या चौदाव्या पर्वात वरचे बक्षीस साडेसात कोटी झाले आणि ७५ लाखांचा तिसरा पडाव आला. कोल्हापूरच्या कविता चावला यांनी एक कोटी जिंकले ते त्याच पर्वात. त्या शिडीवर शेवटचे उत्तर चुकल्यास नुकसान २५ लाखांचेच. २५ भागिले ६७५, चार टक्क्यांच्याही आत. इथे आमचे मत मुलाच्या बाजूने झुकते.

आणि एक चूक घरबसल्याही दिसते. पडाव नुकताच ओलांडला आहे, म्हणजे २०,००० चा किंवा ६,४०,००० चा प्रश्न समोर आहे, तेव्हा खेळ कधीच सोडायचा नाही. चुकलात तरी हातचे काही जात नाही. लाइफलाइन असेल तर ती जरूर वापरा, कारण खेळ पुढे चालू राहण्यालाच किंमत आहे.

प्रश्न : तीन दारांचे एक प्रसिद्ध कोडे आहे. त्यात निवड बदलली तर जिंकण्याची शक्यता दुप्पट होते. मग दोन चुकीचे पर्याय उडवणाऱ्या फिफ्टी-फिफ्टी या लाइफलाइननंतर माझ्या मनातला पर्याय शिल्लक राहिला, तर मी दुसरा निवडावा का?
— गणिताचे शिक्षक, सांगली

नको, काही फरक पडत नाही. दोन्ही खेळ वरवर सारखे दिसतात, पण दार उघडणाऱ्याला काय ठाऊक आहे यावर सगळे अवलंबून असते. ते कोडे 'लेट्स मेक अ डील' या १९६३ पासूनच्या अमेरिकी कार्यक्रमाच्या सूत्रधाराच्या, मॉन्टी हॉल यांच्या नावाने ओळखले जाते. आपल्याकडे तोच खेळ २००१ मध्ये 'खुलजा सिम सिम' म्हणून आला होता. कोड्यात तीनांपैकी एकाच दारामागे बक्षीस असते; तुम्ही एक दार निवडल्यावर सूत्रधार ते मुद्दाम टाळतो आणि उरलेल्यांतले रिकामे दार उघडतो. ३०० जण खेळले, तर पहिल्या निवडीत १०० बरोबर आणि २०० चूक. त्या २०० जणांसाठी बक्षिसाचे दार आपोआप वेगळे काढून ठेवलेले असते. म्हणून बदलणारे दोनशे जिंकतात.

फिफ्टी-फिफ्टीत कॉम्प्युटरला तुमच्या मनातले काही कळत नाही. ४०० स्पर्धकांनी मनात अंदाजाने एकेक पर्याय धरला असे समजा. १०० जणांचा बरोबर आहे, तो राहणारच. ३०० जणांचा चूक आहे; तीन चुकीच्या पर्यायांपैकी एकच राहतो, म्हणून त्यांतल्या १०० जणांचा राहील. एकूण २०० जणांना आपला पर्याय पडद्यावर दिसला आणि त्यांतले नेमके १०० बरोबर. अर्धेअर्धे.

याच आकड्यांतून कामाची गोष्ट निघते. तुम्ही दोन पर्यायांत अडकला आहात आणि त्यांतला एक नक्की बरोबर आहे, तर चुकीचे पर्याय चिठ्ठ्या टाकल्यासारखे निघत असतील तेव्हा तुमचा चुकीचा पर्याय उडण्याची शक्यता तीनात दोन असते. 'मेलं नेमके तेच दोन ठेवतात' ही तक्रार सर्रास ऐकू येते, कारण तेव्हाचा चडफडाट लक्षात राहतो. चारही पर्याय अनोळखी असतील तर मात्र ही लाइफलाइन तुम्हाला फक्त नाणेफेकीपर्यंत आणते. तेव्हा प्रेक्षकांना विचारा.

प्रश्न : प्रेक्षकांचा कौल आणि फोनवरचा मित्र, यांत जास्त भरवसा कोणाचा?
— वाचक, ठाणे

अमेरिकी आवृत्तीचे आकडे नेहमी सांगितले जातात : प्रेक्षक ९१ टक्के वेळा बरोबर, फोनवरचा जाणकार ६५ टक्के. आकडे खरे, निष्कर्ष घाईचा. प्रेक्षकांना बहुतेक जण खालच्या, सोप्या प्रश्नांवर विचारतात. मित्राला कठीण प्रश्न येतात. सिनेमा, क्रिकेट, खाणेपिणे, जाहिराती, सणवार यांना प्रेक्षक. घटनेचे कलम, रसायन, मध्ययुगीन इतिहास असे काही आले तर तो विषय शिकवणारा माणूस. कौल ८० टक्क्यांवर असेल तर डोळे मिटून घ्या. ४० विरुद्ध ३५ असा आला, तर सभागृहही तुमच्याइतकेच गोंधळले आहे. फोनवर प्रश्न वाचण्यातच निम्मा वेळ जातो, तेव्हा आधी मुख्य शब्द आणि चार पर्याय सांगा, आणि शेवटी 'किती टक्के खात्री?' एवढे विचारा.

प्रश्न : जिंकलेल्या रकमेतून सरकार नेमके किती घेते? पैठणी मिळाली तरी कर लागतो का?
— वाचक, सातारा

सरसकट ३० टक्के, अधिक करावर ४ टक्के उपकर. इथे करमुक्त मर्यादा नाही, विमा-पीएफची वजावट नाही, मुंबईला जाण्यायेण्याचा खर्चही दाखवता येत नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम ११५बीबी होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

घोटाळा होतो तो टीडीएसपाशी. बक्षीस १०,००० च्या वर असेल तर वाहिनी ३० टक्के कापून उरलेले देते, आणि जिंकणाऱ्याला वाटते, कर भरून झाला. तो पूर्ण भरलेला नसतो. २५ लाखांवर ७.५ लाख कापले जातात, पण एकूण कर ७.८ लाख, वरचे ३०,००० तुमच्याकडून येणे असतात. रक्कम मोठी तशी ही फट रुंदावते, कारण उत्पन्न ५० लाखांवर गेले की करावर १० टक्के अधिभार बसतो. दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाला एक कोटी मिळाले, तर ३० लाख कर, ३ लाख अधिभार आणि त्यावर उपकर मिळून ३४.३२ लाख होतात. कापले गेले ३० लाख. राहिलेले ४.३२ लाख आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात भरून टाका, नाहीतर व्याज चढते. एकूण उत्पन्न एक कोटीच्या पुढे गेले तर अधिभार १५ टक्के होतो, काठावर असाल तर थोडी सवलत मिळते. बँकेत आलेले ७० लाख लगेच घराच्या टोकनमध्ये अडकवू नका, एवढाच याचा अर्थ.

वस्तूरूप बक्षिसालाही हाच नियम. गाडी किंवा दागिना हाती देण्यापूर्वी त्याच्या किमतीवरचा कर भरला गेल्याची खात्री देणाऱ्याने करायची असते. साधी पैठणी १०,००० च्या आतली असेल तर टीडीएसचा प्रश्न नाही. झी मराठीवर २०२२ मध्ये 'महामिनिस्टर'ला ११ लाखांची पैठणी ठेवली होती. तेवढ्या किमतीवर नुसता कर ३.३ लाख, उपकर १३,२०० वेगळा. साडी नेसून मिरवायची आणि कराचे पैसे रोखीत उभे करायचे! म्हणून महागडी वस्तू स्वीकारण्यापूर्वी कर कोण भरणार, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : हे सगळं आधीच ठरलेलं असतं असं आमच्या कट्ट्यावर ठाम मत आहे. तुमचं?
— वाचक, डोंबिवली

ठरलेले असू शकते, हे अमेरिकेत १९५० च्या दशकात सिद्ध झाले आहे. एनबीसीवरच्या 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. उत्तरे त्याला आधी मिळत. केस कसे कापायचे, कपाळ कधी पुसायचे हेही शिकवलेले. मग देखण्या प्राध्यापकाला, चार्ल्स व्हॅन डोरेनला, पुढे आणायचे ठरले आणि डिसेंबर १९५६ मध्ये स्टेम्पेलला हरायला सांगितले गेले. प्रश्न होता १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा. उत्तर 'मार्टी'. हा त्याचा आवडता सिनेमा, आणि त्याला मुद्दाम 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हणावे लागले. त्याने पुढे तोंड उघडले. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये तिथे अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली.

उलट प्रकार ब्रिटनचा. सप्टेंबर २००१ मध्ये चार्ल्स इंग्रम या मेजरने 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'मध्ये दहा लाख पौंड जिंकले. शेवटचा प्रश्न : एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येचे नाव काय? उत्तर 'गूगोल'. निर्मात्यांनी ध्वनिमुद्रण तपासले, तर १९२ खोकले सापडले. त्यांतले १९ अर्थपूर्ण असल्याचे न्यायालयात मांडले गेले : इंग्रम पर्याय मोठ्याने घोकत आणि बरोबर पर्यायाला समोरच्या खुर्च्यांतून खोकला येई. २००३ मध्ये इंग्रम, त्यांची पत्नी आणि खोकणारा स्पर्धक दोषी ठरले. आरोप त्यांनी कायम नाकारले. इथे फसवला गेला तो कार्यक्रमच.

आजच्या कार्यक्रमांत प्रश्नोत्तरांहून जास्त ठरवून केली जाते ती माणसांची निवड. चाचणीत गुण मिळवणारे पुष्कळ असतात. त्यांतून ज्याच्यामागे सांगण्याजोगे आयुष्य आहे तो पुढे येतो. शिवाय भाग आधी चित्रित होतो, संकलकाच्या टेबलावरून जातो. उत्तराआधीची शांतता किती लांबली, हे आपल्याला घरी कळण्याचा मार्ग नाही. कट्ट्यावरच्या मंडळींनी संशय घ्यायचाच तर इथे घ्यावा.

प्रश्न : तयारी काय करावी? रोज वर्तमानपत्र पुरे का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

तुमचा अभ्यास वाया जाणार नाही. २००० साली पहिला कोटी जिंकणारे मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे केंद्रीय लोकसेवा आयोगाचीच तयारी करत होते, आणि त्यांचा शेवटचा प्रश्न घटनेचा होता : संसदेच्या कामकाजात भाग घेण्याचा अधिकार यांपैकी कोणाला? ॲटर्नी जनरलना, म्हणजे कलम ८८. २०११ मध्ये बिहारच्या सुशील कुमार यांना पाच कोटींसाठी विचारले, १८६८ मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून भारतातून बाहेर पडलेली सत्ता कोणती? डेन्मार्क. दोन्ही उत्तरे चालू घडामोडींत सापडणारी नाहीत. वरच्या प्रश्नांना शालेय इतिहास-भूगोलाच्या कडेकोपऱ्यातले लागते. वर्तमानपत्र खालच्या प्रश्नांसाठी.

हॉट सीटवर कोण जाणार हे ठरवणाऱ्या फास्टेस्ट फिंगर फेरीमध्ये चार गोष्टी क्रमाने लावायच्या असतील तर चारांचा विचार करू नका. पहिली आणि शेवटची ठरवा. मग मधल्या दोनांची एकच तुलना उरते. आणि सराव बोटांनी, फोनवर, घड्याळ लावून करा.

प्रश्न : 'जेपर्डी' या अमेरिकी प्रश्नमंजूषेमध्ये उत्तर येत असूनही बझर दुसऱ्याचाच वाजतो, असे का? इथे ऑनलाइन चाचणी द्यायचा विचार आहे.
— मराठी वाचक, न्यू जर्सी

कारण बटण लवकर दाबले जाते. सूत्रधाराचा शेवटचा शब्द संपला की मंचाबाहेरचा कर्मचारी यंत्रणा खुली करतो आणि फलकाच्या कडेचे दिवे लागतात. त्याआधी दाबलेत तर तुमचे बटण पाव सेकंद बंद. तेवढ्यात बाकीचे दोघे डाव नेतात. काही खेळाडू दिव्याची वाट पाहतात, काही सूत्रधाराच्या बोलण्याची लय पकडतात. टीव्हीसमोर उभे राहून बॉलपेनच्या खटक्यावर दोन्ही करून बघा. चाचणीत ५० प्रश्न आणि प्रत्येकी १५ सेकंद असतात. कार्यक्रमात उत्तर प्रश्नरूपात द्यावे लागते, तशी तिथे लिहायची गरज नसते.

प्रश्न : 'केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली' असा अमिताभ यांच्या फोटोसह संदेश आलाय. प्रोसेसिंग फी भरू का?
— वाचक, नंदुरबार

एक रुपयाही नको. केबीसीत लॉटरी नावाचा प्रकार नाही. खेळल्याशिवाय बक्षीस नाही, आणि नोंदणी वाहिनीने टीव्हीवर जाहीर केलेल्या मार्गानेच होते. असे फोन बहुधा ९२ ने सुरू होणाऱ्या परदेशी क्रमांकांवरून येतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात सहा संघांची प्रश्नमंजूषा आहे. गेल्या वर्षी दोन संघांचे दिवे एकदम लागले आणि भांडण झाले. बझर घरी करता येईल का? प्रश्न कसे काढावेत?
— सांस्कृतिक समिती, पुणे

दोन दिवे लागतात, कारण नुसत्या बेल-बटणांच्या जोडणीत पहिल्याने बाकीच्यांना अडवण्याची सोय नसते. एक आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, घ्या. सहा बटणे २ ते ७ क्रमांकाच्या पिनांवर, सहा एलईडी ८ ते १३ वर, प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रोधक. पिझो बझर ए०वर, सूत्रधाराचे रीसेट ए१वर. ० आणि १ मोकळ्या ठेवा, त्या यूएसबीवरून बोलण्यासाठी लागतात. बटणाचे दुसरे टोक ग्राउंडला जोडा आणि बोर्डाच्या आतला पुल-अप, म्हणजे बटण न दाबता पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रोधक, चालू करा; मग दाबल्यावर पिन शून्यावर येते. प्रोग्रॅममध्ये पहिली शून्य पिन सापडताच तिचा दिवा लावायचा आणि रीसेट होईपर्यंत बाकीच्या वाचायच्याच नाहीत. पिना वाचण्याच्या फेऱ्यात प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारी 'डिले' आज्ञा टाकू नका. तेवढ्या काळात दोघांनी दाबले तर कमी क्रमांकाचा संघ कायम पहिला ठरेल.

तार सहा-आठ मीटर झाली की ट्यूबलाइट किंवा स्पीकरच्या वायरीमुळे बटण न दाबताही दिवा लागतो. आतला पुल-अप दुबळा असतो, हे त्याचे कारण. प्रत्येक बटणाच्या पिनेपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रोधक बाहेरून लावा, आणि तारा स्पीकरच्या केबलपासून दूर न्या. सकाळी मंडपात, सगळे दिवे आणि लाउडस्पीकर चालू ठेवून तपासा. घरच्या टेबलावर सगळेच नीट चालते.

बझरची फेरी एकच ठेवा. बाकीच्यांत पाऊन्स-बाउन्स बरे : ज्यांना खात्री आहे ते संघ उत्तर चिठ्ठीवर लिहून देतात, बरोबरला १०, चुकीला वजा ५; मग उरलेल्या संघांकडे प्रश्न क्रमाने फिरतो, तिथे चुकीला दंड नाही. फिरणे प्रत्येक वेळी मागच्या वेळी उत्तर दिलेल्या संघाच्या पुढच्यापासून सुरू करायचे, नाहीतर एका टोकाचा संघ उपाशी राहतो. सहा संघांना ४० प्रश्न आणि वर ८ राखीव पुरतात; दीड तास सहज लागतो.

प्रश्न काढताना 'पहिला', 'सर्वांत मोठा' या शब्दांना जपा. 'भारतातला पहिला चित्रपट कोणता?' असे विचारलेत तर कोणीतरी १९१२ चा दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' काढणारच, आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. त्याऐवजी '३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये कोणता चित्रपट प्रदर्शित झाला?' असे विचारा. 'राजा हरिश्चंद्र'खेरीज दुसरे उत्तर निघत नाही. प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी ताडून पाहा, आणि मान्य होणारी पर्यायी उत्तरे कागदावर आधीच लिहून ठेवा, मंचावर ठरवू नका. बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न घ्या. दोन्ही संघांनी एकाच वेळी चिठ्ठीवर लिहायचे, जवळचा जिंकला. अंतर सारखेच आले तर दुसरा आकडा हाताशी असू द्या.